पहिलं फावडं

झोपेतच माझा हात हॅट काढायला डोक्याकडे गेला. हॅट नव्हती, नुसतं डोकं होतं उशीवर, आणि खिडकीखाली रस्त्यावर कोणीतरी खड्ड्यात माती लोटत होतं. आधी फावडं ढिगात घुसल्याचा खरखरीत आवाज, मग क्षणभर काहीच नाही, मग माती पडल्याचा आवाज. मला जागं केलं ते मधल्या त्या ‘काहीच नाही’नं. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. रेल्वेच्या पार्सल यार्डातली रात्रपाळी संपवून मी सातला घरी आलो होतो, चहा न घेताच आडवा झालो होतो. आवाज कसला हे मला कळत होतं. गॅसची नळी फुटली म्हणून तीन दिवसांपूर्वी दोन आयरिश कामगारांनी मेरिक रोड आमच्या दारासमोरच खणला होता, आणि आज ते तो बुजवत होते. एवढंच. तरीही हात पुन्हा पांघरुणात घ्यायला मला बराच वेळ लागला. डोळे मिटले की खरखर, मग ती पोकळी, मग धप्प. मी मोजायला लागलो. मोजायचं नाही असं ठरवलं आणि मोजतच राहिलो.

टेबलावर मिस अडीनाचं पत्र पडलं होतं. त्याला आता चार आठवडे झाले. ते मी एकदा बायबलात ठेवलं, एकदा कोटाच्या आतल्या खिशात, एकदा गादीखाली, आणि पुन्हा टेबलावर आणून ठेवलं. मिस अडीना म्हणजे माझा मित्र एनॉस याची आई; आमच्याकडे लेकुरवाळ्या बाईलाही मिसच म्हणतात. तिला लिहितावाचता येत नाही. गावात पोस्ट सांभाळणारी मिस लव्हिना तिच्यासाठी लिहिते, आणि जसं बोललं जाईल तसंच लिहिते, खोकलासुद्धा गाळत नाही. पत्रात लिहिलं होतं: ‘मास्तर, तुझं दुःखाचं पत्र मिळालं. पेटी चांगली होती म्हणतोस, बरं झालं. पाद्री इंग्रज होता म्हणतोस, तेही बरं. पण मातीला कोण कोण होतं ते तू लिहिलं नाहीस. माझ्या एनॉसला माती कोणी कोणी दिली त्यांची नावं पाठव. क्रमानं पाठव. पहिलं फावडं तुझं असणार हे मला ठाऊक आहे, तरी कागदावर पाहिजे. एक ऑगस्टला, गुलामी सुटल्याच्या दिवशी, देवळात मी ती वाचून घेणार आहे. ज्यांनी माझ्या लेकराला झाकलं ती सगळी माझीच लेकरं. तुझा कागद येईपर्यंत मला नीट झोप यायची नाही.’

सगळे मला मास्तर म्हणतात, कारण जमैकात सेंट एलिझाबेथच्या डोंगरावर मी अकरा वर्षं पोरांना शिकवलं. इथे बर्मिंगहॅममध्ये मी पार्सलं उचलतो. पण मास्तर हे नाव सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते सुटू दिलं नाही. रस्त्यावरच्या कोणाला सरकारी कागद आला की तो माझ्याकडे येतो. इंग्रज काय म्हणाला, का म्हणाला, त्याला उलट काय म्हणायचं, हे मी सांगतो. इथल्या रीतीभाती मला कळतात असा माझा लौकिक आहे. तो मी कमावला आहे आणि जपला आहे.

आमच्या डोंगरावर माणूस गेला की बोलावणं लागत नाही. सकाळी पुरुष कुदळी-फावडी घेऊन येतात, लाल माती खणतात, रम पितात, मेलेल्याची थट्टा करतात. बकऱ्याच्या रश्श्याचं पातेलं रटरटत असतं. दुपारी पेटी खाली गेली की तेच पुरुष कोट काढतात, बाह्या दुमडतात आणि आळीपाळीनं माती लोटतात, आणि बायका कडेला उभ्या राहून गातात. फावडं हातातून हातात जातं, जमिनीवर ठेवायचं नाही. खड्डा भरून, वर उंचवटा करून, तो फावड्याच्या पाठीनं थोपटून होईपर्यंत कोणी घरी जात नाही. उघड्या खड्ड्यात माणसाला टाकून जाणं म्हणजे त्याला रस्त्यात सोडून जाणं. आणि पहिलं फावडं रक्ताच्या माणसाचं नसतं. रक्ताचं नसूनही जो सगळ्यात जवळचा, त्याचं असतं. माझे वडील गेले तेव्हा पहिलं फावडं एनॉसनं मारलं. एकवीस वर्षांचा होता तो. मारण्याआधी खड्ड्यात वाकून म्हणाला, “काका, तुमच्या आंब्यांवर दगड मारायचो तो मीच. आता फिटंफाट.” आणि सगळे हसले, मीही हसलो, आणि हसता हसताच मला पहिल्यांदा रडू आलं. डोंगरावर त्याच्याइतकं चांगलं फावडं कोणाचं चालत नव्हतं. पेटीवर पहिली माती पडते तेव्हा आवाज मोठा होतो, आईला तो ऐकवत नाही. एनॉस माती आधी पेटीच्या कडेनं सोडायचा, आवाज न होऊ देता, आणि कडा भरल्या की मग वर.

हा पलंग आम्हां दोघांचा होता. या घरात असेच पलंग आहेत. एनॉस फाउंड्रीत दिवसपाळीला, मी रात्रपाळीला. तो उठायचा तेव्हा मी यायचो. दिवसाची दहा-बारा मिनिटं आमची गाठ पडायची, तीही एकजण बूट घालताना आणि दुसरा काढताना. चार वर्षांत त्याला मी जितकं पाहिलं त्याहून जास्त तो माझ्या पाठीला माहीत होता. मी आडवा व्हायचो तेव्हा गादीतला त्याचा खळगा उबदार असायचा. थंडीच्या दिवसांत यार्डातून चालत येताना मला देव आठवायचा नाही, घर आठवायचं नाही, तो खळगा आठवायचा. आता एनॉसच्या जागी सेंट किट्स बेटावरचा एक माणूस झोपतो. चांगला आहे, चादर नीट करून जातो. ऊब तशीच असते. हे मला सहन होत नाही, की ऊब अगदी तशीच असते.

एनॉसला खोली हवी होती. बायको मर्लीन यायची होती, तिचे कागद तयार होते, आणि बायकोला काही अर्ध्या पलंगावर आणता येत नाही. म्हणून गेल्या ऑक्टोबरपासून तो फाउंड्रीतून सुटला की दारोदार फिरायचा. खिडक्यांतून पाट्या असतात. रंगीत माणसं नकोत, असं स्पष्ट लिहिलेलं असलं तर निदान पायपीट वाचते. खरा त्रास ज्या खिडक्यांवर असं काही लिहिलेलं नाही त्यांचा. तिथे दार उघडतं, दारातलं तोंड एकदा वर, एकदा खाली बघतं, आणि खोली आत्ताच गेलेली असते. पाच मिनिटांपूर्वी. एनॉस म्हणायचा, या शहरात माझ्या पुढे पाच मिनिटं कोणीतरी चालतोय, नशीबवान आहे बेटा, एकदा भेटला पाहिजे. ओठ काळे-निळे पडलेले असायचे आणि तो हे सांगून हसायचा. मग मी, मास्तर, त्याला शिकवायला बसलो. सूट घाल. हॅट हातात धर, डोक्यावर नको. आधी गुड ईव्हनिंग म्हण. आणि वरच्या पायरीवर उभा राहू नकोस, त्यांना अंगावर आल्यासारखं वाटतं. एक पायरी खाली थांब, दाराच्या छताखाली शिरू नकोस. त्यानं ऐकलं. माझं तो नेहमी ऐकायचा. जानेवारीच्या चिखलबर्फात एक पायरी खाली, उघड्या डोक्यानं, पावसात उभा राहायला लागला. एकदा सकाळी बूट चढवता चढवता म्हणाला, “मास्तर, आणखी किती पायऱ्या खाली उतरू? आता मी रस्त्यावर आलोय.” मी म्हटलं, धीर धर, माणसं वाईट नाहीत, त्यांना सवय नाही. हे मी कितीजणांना सांगितलं असेल. एखाद्या औषधासारखं सांगायचो.

खोकला त्यानं माझ्यापासून लपवला. लपवायला काय लागत होतं, दहा मिनिटं तर भेटायचो. पण फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी पलंगावर पडलो तर गादी नेहमीपेक्षा गरम होती. उबदार नव्हे, गरम. चादर ओलसर होती. आणि मला काय वाटलं? मला बरं वाटलं. रात्रभर यार्डात माझी बोटं आखडली होती. मी त्या गरम खळग्यात पाय पोटाशी घेऊन शिरलो आणि मनात म्हणालो, वा. तापानं फणफणलेला माणूस फाउंड्रीत गेला होता आणि त्याच्या तापावर मी सात तास गाढ झोपलो. त्यानंतर नवव्या दिवशी तो हॉस्पिटलात गेला. दोन्ही फुप्फुसं भरली होती, नर्सनं सांगितलं. नर्स आमच्याकडचीच होती. मी तिला व्यवस्थित थँक यू म्हटलं.

खाली फावडं थांबलं. आयरिश माणसं काहीतरी बोलत होती, एकजण हसला. मी उठलो नाही. थांबलेलं फावडं चालू फावड्यापेक्षा वाईट, कारण मग वाट बघावी लागते.

एनॉसची माती शुक्रवारी दुपारी तीनला होती. आम्ही आठ पुरुष आणि चार बायका. शहराबाहेरची दफनभूमी, बाजूला रेल्वेचा पूल, गवतावर राखेसारखा बर्फ. इंग्रज पाद्र्यानं पुस्तकातून भरभर वाचलं, एनॉसचं आडनाव चुकीचं उच्चारलं, चिमूटभर माती टाकली, सगळ्यांचे हात हातात घेतले आणि गेला. खड्ड्याशेजारच्या ढिगावर तिथल्या माणसांनी हिरवं कापड पसरलं होतं, गवतासारखं दिसणारं. खाली माती आहे हे दिसू नये म्हणून. आम्ही थांबलो. आम्हांला वाटलं, आता सुरू होईल. मिस इसिल्डानं गाणं उचललं. ही आमच्या रस्त्यावरची शिवणकाम करणारी बाई, एनॉसच्या शर्टांना बटणं लावायची आणि त्याला शिव्या द्यायची. तिच्या आवाजात बाकीच्या बायका मिसळल्या. फाउंड्रीतल्या क्लीव्हलंड मॉक्सॅमनं कोट काढला, घडी करून दगडी क्रूसावर ठेवला, बाह्या दुमडल्या. हातगाडीला टेकवलेली दोन फावडी होती. त्यानं एक उचललं आणि दांड्याकडून माझ्यापुढे धरलं, कारण पहिलं कोणाचं हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

तेवढ्यात दफनभूमीचा मुकादम आला. जाडसर, थंडीनं नाक लाल झालेला, गळ्यात मफलर. वाईट माणूस नव्हता, नसावा. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडे आला. माझी हॅट सगळ्यांत चांगली होती, आणि येताना मी त्याला गुड आफ्टरनून म्हटलं होतं. तो हलक्या आवाजात म्हणाला, “झालं ना तुमचं? मग घेऊन जा यांना. आमची माणसं बघतील मागाहून. असले जंगलातले प्रकार इथे नकोत.” मी म्हटलं, थँक यू. खरंच म्हटलं. मग मी आमच्या माणसांकडे वळलो. क्लीव्हलंडचा हात अजून पुढेच होता. मी म्हटलं, “इथला कायदा आहे. माती सरकारी माणसानंच द्यायची. आपण हात लावायचा नाही.”

मिस इसिल्डाचं गाणं ओळीच्या मध्येच थांबलं. “कायदा?” तिनं विचारलं.

“कायदा,” मी म्हटलं.

कोणी वाद घातला नाही. मास्तर सांगतोय म्हणजे असेल. क्लीव्हलंडनं फावडं पुन्हा हातगाडीला टेकवलं, हळूच, आवाज होऊ न देता, आणि कोट घातला. बटणं लावायला त्याला फार वेळ लागला. आम्ही निघालो. पुरुष माना खाली घालून चालले. मिस इसिल्डा मात्र फाटकापर्यंत उलटी चालत आली, एकदा अडखळली, तरी वळली नाही. उघड्या खड्ड्याकडे पाठ करायची नाही म्हणून. दोन इंग्रज बायका फुलं घेऊन येत होत्या, त्या थांबून बघायला लागल्या, आणि मला मिस इसिल्डाची लाज वाटली.

कायदा असं मी का म्हणालो, याची उत्तरं माझ्याकडे तयार आहेत. आदल्या उन्हाळ्यात दुसऱ्या शहरांत आमच्या माणसांना रस्त्यावर गाठून बडवलं होतं, काचा फोडल्या होत्या. मुकादमानं पोलिस बोलावले असते. क्लीव्हलंड तापट आहे, हातात फावडं होतं, एका शब्दावरून काय झालं असतं कोण जाणे. ही सगळी उत्तरं खरी आहेत आणि यांतलं एकही त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं. त्या क्षणी मला फक्त क्लीव्हलंडच्या दुमडलेल्या बाह्या दिसत होत्या, त्याचे काळे, शिरा तटतटलेले हात, आणि मुकादम ते बघतोय हे दिसत होतं. मला ते हात झाकायचे होते. माझ्यापुढे धरलेला तो दांडा मला नको होता. मला तिथून सभ्य माणसासारखं निघायचं होतं, मुकादमाच्या मनात चांगला राहून. ज्याला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं त्या माणसाच्या मनात.

मे महिन्यात आमच्यातला म्हातारा मिस्टर गेल वारला. तीच दफनभूमी, तोच पाद्री, तेच हिरवं कापड. मी मागे उभा होतो. या वेळी कोणी मला काही विचारलं नाही. पाद्री फाटकापर्यंत पोचलाही नव्हता, तोच गेलच्या दोन्ही मुलांनी कापड ओढून बाजूला केलं आणि फावडी घेतली. मुकादम आला, तोच, मफलर नसलेला. आता, मी मनात म्हटलं, आता बघा. त्यानं थोडा वेळ पाहिलं, सिगारेट पेटवली, एका माणसाला म्हणाला, बरं झालं, आमच्या पोरांचं काम वाचलं. आणि निघून गेला. एवढंच होतं ते. फावडी हातातून हातात फिरली, बायका गायल्या, उंचवटा झाला, थोपटून झाला. माझ्यापर्यंत फावडं आलं तेव्हा मी पाठदुखीचं निमित्त सांगून ते पुढे दिलं. परतताना मिस इसिल्डा माझ्या शेजारून चालायला लागली. मग म्हणाली, “मास्तर, कायदा कधी बदलला?”

मी म्हटलं, “बहुतेक एप्रिलमध्ये.”

“पेपरात आलं असेल मग.”

“आलं असेल.”

तिनं मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते मला कळलं नाही. पुढच्या आठवड्यात तिनं घरभाड्याचा कागद वाचायला आणला तो क्लीव्हलंडकडे. क्लीव्हलंडला वाचताना ओठ हलवावे लागतात.

आणि एक गोष्ट अशी आहे की जी मिस इसिल्डालाही माहीत नाही. एनॉसच्या त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी मी तिथे गेलो होतो. एकटाच. मला वाटलं होतं, माती झालेली असेल, आपण उंचवट्यापाशी उभे राहू, दोन शब्द बोलू, माझ्या वडिलांच्या आंब्यांचा विषय काढू. म्हणजे फिटेल. पण शुक्रवारी मुकादमाची माणसं लवकर घरी गेली असावीत, आणि शनिवार-रविवार सुट्टी. खड्डा तसाच होता. वर चार फळ्या आडव्या टाकल्या होत्या. दोन दिवस पाऊस आणि बर्फ आलटून पालटून पडला होता. फळ्यांच्या फटीतून खाली पिवळट पाणी दिसत होतं, आणि पाण्याखाली पेटीवरच्या पितळी पाटीचा एक कोपरा. एनॉस पाण्यात होता. मी तिथे उभा राहिलो. हिरवं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. फावडी कुठे दिसली नाहीत, कुलपात असतील.

थोड्या अंतरावर एक इंग्रज नवरा-बायको कोणाच्या तरी थडग्यावरची पानं वेचत होते. बाई मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. नुसती बघत होती, दुसरं काही नाही. मी हॅट उचलली. म्हटलं, थंडी फार आहे. ती म्हणाली, हो ना, फारच. आणि मग मी, जणू काही चुकून भलत्याच जागी थांबलो होतो असं दाखवत, पुढे चालायला लागलो. आठ-दहा थडगी ओलांडून एका जुन्या दगडापाशी थांबलो, हॅट छातीशी धरली आणि मान खाली घातली. विल्फ्रेड कोणीतरी, एकोणीसशे एकतीसमध्ये वारलेला. त्या विल्फ्रेडसमोर मी दहा मिनिटं शोक करत उभा राहिलो. एनॉस माझ्या पाठीमागे होता. नवरा-बायको गेले, फाटक वाजलं. आता बघायला कोणी नव्हतं. फावडं नव्हतं, पण माती होती आणि मला हात होते. एक फळी सरकवायची, दोन्ही मुठी भरायच्या, आणि पेटीच्या कडेनं सोडायच्या, त्याच्यासारख्या, आवाज न होऊ देता. मी घड्याळ बघितलं. बस पावणेचारची होती. हातात मोजे होते, आणि ते मी काढले नाहीत.

खाली फावडं पुन्हा सुरू झालं. मी उठलो, पँट चढवली, कोट घातला. हॅटही घातली. स्वतःच्या दारापुढच्या रस्त्यावर उतरायला हॅट कशाला लागते कोणास ठाऊक, पण माझं ते अंगवळणी पडलं आहे. जिन्यात मी मनाशी ठरवलं होतं की फक्त बघायचं. ऊन स्वच्छ होतं. खंदक बराचसा भरत आला होता, टोकाकडचा एक हात-दीड हाताचा तुकडा राहिला होता, आणि तिथे तळाशी नळीचा नवा काळा तुकडा दिसत होता. दोघांपैकी एक चहा आणायला गेला असावा. दुसरा पन्नाशीचा, पांढऱ्या भुवयांचा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. या माणसालाही काही पाट्यांवर मनाई असते, आमच्या बरोबरीनं, कधी कधी आमच्या आधी. त्यानं मला पाहिलं आणि फावड्यावर रेलला.

“झोपमोड केली का तुमची?” तो म्हणाला. “रात्रपाळी दिसते.”

नाही, नाही, जागाच होतो, मी म्हटलं. तो मान हलवून कामाला लागला. खरखर, काहीच नाही, धप्प. माती नळीवर पडली की आतून पोकळ आवाज यायचा. त्याला काय, नळी होती ती. मी तिथून हललो नाही. तीन-चार फावडी झाल्यावर तो पुन्हा थांबला. मी कुठे बघतोय ते त्याला दिसलं असावं, किंवा माझ्या तोंडावर काहीतरी असावं. त्यानं फावडं उलटं केलं आणि दांडा माझ्यापुढे धरला.

“घ्या,” तो म्हणाला. “हात शिवशिवतायत तुमचे. चार तुम्ही मारा, तेवढाच मला श्वास.”

दांडा वापरून वापरून गुळगुळीत झालेला होता, मधोमध मुठीच्या जागी काळपट. वीतभर अंतरावर. तो थट्टा करत नव्हता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मुकादम नव्हता, पुस्तक वाचणारा पाद्री नव्हता, पानं वेचणारी बाई नव्हती. माझा हात वर आला. मला वाटलं, आता तो दांडा धरणार. तो आणखी वर गेला, हॅटपर्यंत गेला, आणि मी हॅट उचलली.

“नको, नको,” मी म्हटलं. “फार आभारी आहे.”

“जशी तुमची मर्जी,” तो म्हणाला, आणि खंदकाकडे वळला.

वर आलो. सेंट किट्सवाल्यानं नीट केलेली आणि मी विस्कटलेली चादर पुन्हा नीट केली. टेबलाशी बसलो, पेनात शाई भरली. प्रिय मिस अडीना. माझं अक्षर चांगलं आहे, डोंगरावर सगळे ते नावाजायचे. लिहिलं की हवा बरी होती. लिहिलं की बायका शेवटपर्यंत गात होत्या, मिस इसिल्डा नावाच्या बाईचा आवाज फार गोड आहे. मग लिहिलं की माती दिली त्यांची नावं क्रमानं खाली देत आहे. क्लीव्हलंड मॉक्सॅमचं नाव पहिलं घातलं. त्याच्यापुरतं ते खोटं आहे असं मला वाटत नाही. त्यानं कोट काढला होता. मग बाकीच्या सहाजणांची, खड्ड्याभोवती जशी उभी होती तशी, एका ओळीत एक, ठळक अक्षरांत, मिस लव्हिनाला वाचताना अडचण येऊ नये म्हणून. सातवं नाव लिहून झालं आणि खालची आठवी ओळ मोकळी राहिली. खिडकीखाली आता तो फावड्याच्या पाठीनं माती थोपटत होता. तो आवाज वेगळा असतो, तो संपल्याचा असतो. मी पेन आठव्या ओळीवर बराच वेळ धरून ठेवलं. इतक्यांना मी इतकं काही लिहून दिलं आहे, चार अक्षरांचं नाव लिहायला काय लागतं. मग मी पेनाला टोपण घातलं, कागद वाळू दिला, घडी घातली आणि पाकिटावर तिकीट चिकटवलं.

आठ-दहा दिवसांत ते पोचेल. मिस अडीना उतार उतरून पोस्टात येईल, बाकावर बसेल, काठी गुडघ्यांत धरेल. मिस लव्हिना मोठ्यानं वाचेल, आणि मिस अडीना एकेका नावाला एकेक बोट दुमडेल. पहिलं नाव ऐकून तिचं बोट तसंच ताठ राहील, नाव भलतंच आहे असं वाटून, मग दुमडेल. सात झाली की ती आठव्या बोटाला हात लावून थांबेल.

“आणि मास्तर?” ती विचारेल.

मिस लव्हिना कागद उलटून बघेल. मागे मी काही लिहिलेलं नाही.